‘आइनटोप्फ’ : एका जर्मन सामासिक शब्दाची व्युत्पत्ती आणि तिचा इतिहास

प्रस्तावना

खाद्यपदार्थाच्या नावाची व्युत्पत्ती शोधणे हे वरवर पाहता कोशकाराचे काम वाटते. घटकपदे वेगळी केली, त्यांचे अर्थ सांगितले, मूळ रूप दाखवले की शब्दाचा निकाल लागला, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु एखादे नाव केव्हा रूढ झाले, त्याआधी त्याच पदार्थाला काय म्हणत असत आणि नवे नाव रूढ होण्यात कोणाचे हित होते, हे प्रश्न कोशाच्या पानावर सुटत नाहीत. ते इतिहासाचे प्रश्न आहेत.

जर्मन भाषेतील ‘आइनटोप्फ’ हा शब्द या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. ‘आइन’ म्हणजे एक आणि ‘टोप्फ’ म्हणजे भांडे. वाटाणा, मसूर किंवा घेवड्याचे दाणे, बटाटे, गाजर, कोबी आणि असल्यास थोडे मांस हे सर्व एकाच भांड्यात शिजवून केलेल्या दाट, पोटभरीच्या पदार्थास आज जर्मनीत ‘आइनटोप्फ’ म्हणतात. हा शब्द घरगुती बोलण्यात, उपाहारगृहांच्या पदार्थयादीत आणि डबाबंद अन्नाच्या वेष्टनावर सर्रास आढळतो. ऐकणाऱ्याला तो जर्मन शेतकऱ्याच्या चुलीइतकाच जुना वाटतो. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. पदार्थ अनेक शतकांचा आहे. नाव मात्र विसाव्या शतकातील आहे आणि १९३३ नंतरच्या काही वर्षांत एका हुकूमशाही राजवटीने ते घराघरात पोहोचवले.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) ‘आइनटोप्फ’ या सामासिक शब्दाची घडण व्याकरणाच्या अंगाने स्पष्ट करणे.
२) पदार्थाचे वय आणि त्याच्या नावाचे वय यांतील अंतराची कारणे शोधणे.
३) नाझी राजवटीत या शब्दाचा झालेला वापर व त्यामागील हेतू तपासणे.
४) १९४५ नंतर हा शब्द टिकून का राहिला याचा विचार करणे.

शब्दाची घडण

जर्मन ही समासप्रधान भाषा आहे. दोन, तीन वा अधिक नामे एकत्र येऊन तीत एकच शब्द बनतो. अशा शब्दात शेवटचे पद प्रधान असते. शब्दाचे लिंग, वचन आणि मूळ अर्थ त्यावरून ठरतात, तर आधीची पदे त्याला विशेषणासारखी जोडलेली असतात. संस्कृत व मराठी व्याकरणातील तत्पुरुष समासाशी ही रचना जुळते.

‘आइनटोप्फ’ हे मुळात संक्षिप्त रूप आहे. पूर्ण शब्द ‘आइनटोप्फगेरिश्त’ असा आहे. यातील ‘गेरिश्त’ म्हणजे शिजवून वाढलेला पदार्थ. जुळवणे, मांडणे, सिद्ध करणे या अर्थाच्या ‘रिश्टेन’ या क्रियापदापासून ते नाम आले. याच क्रियापदाचा दुसरा अर्थ निवाडा करणे असा असल्याने जर्मनमध्ये न्यायालयालाही ‘गेरिश्त’ म्हणतात. एका बाजूला ताटात नीट मांडलेले अन्न, तर दुसऱ्या बाजूला नीट लावलेला न्याय, असे हे एकाच मुळाचे दोन फाटे आहेत.

‘आइनटोप्फगेरिश्त’ म्हणजे ‘एका भांड्याचा पदार्थ’. संख्यावाचक पद, नाम आणि त्यानंतर प्रधान पद अशी ही रचना आधुनिक जर्मनमध्ये फार प्रचलित आहे. तीन खोल्यांच्या घराला ‘ड्रायत्सिमरवोनुंग’ म्हणतात. एकदिशा मार्गाला ‘आइनबानश्ट्रासे’ म्हणतात. नागरी जीवनातील वस्तू, जागा व सोयी यांची वर्गवारी करण्यासाठी अशा शब्दांचा सतत उपयोग होतो. ‘आइनटोप्फगेरिश्त’ हा शब्ददेखील मुळात याच प्रकारचा, म्हणजे वर्गवारीचा शब्द आहे. त्यात चव नाही, गावाचे नाव नाही, मुख्य घटकाचा उल्लेख नाही. फक्त किती भांडी लागतात एवढेच सांगितलेले आहे.

पुढे रोजच्या वापरात ‘गेरिश्त’ हे शेवटचे पद गळाले आणि ‘आइनटोप्फ’ एवढेच उरले. या लोपाचा परिणाम व्याकरणातही दिसतो. ‘गेरिश्त’ नपुंसकलिंगी असल्याने पूर्ण शब्द नपुंसकलिंगी होता. ‘टोप्फ’ पुल्लिंगी असल्याने संक्षिप्त शब्द पुल्लिंगी झाला. मराठी व्याकरणात मध्यमपदलोपी समास परिचित आहे. येथे मधले नव्हे, तर प्रधान असलेले अंतिम पदच लोपले आहे. त्यामुळे उरलेल्या शब्दाचा अर्थ त्याच्या घटकपदांच्या बाहेर गेला. ‘आइनटोप्फ’ म्हणजे कोणतेही भांडे नव्हे. ज्याला एकच भांडे लागते ते अन्न. ‘चतुर्भुज’ म्हणजे चार हात नव्हेत, तर चार हात असलेला देव, तसाच हा प्रकार आहे. अशा अन्यपदप्रधान शब्दांसाठी पाश्चात्त्य भाषाशास्त्रानेही संस्कृत व्याकरणातील ‘बहुव्रीही’ हीच संज्ञा स्वीकारली आहे. अर्थात ‘आइनटोप्फ’ हा जन्मतः बहुव्रीही नाही. प्रधान पदाच्या लोपामुळे त्याला तसे रूप आले, हे लक्षात घेणे आवश्यक आहे.

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निराकरण करावे लागेल. जर्मनमध्ये ‘आइनटोप्फेन’ असे क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ रोप कुंडीत लावणे असा आहे. त्यातील ‘आइन’ हा ‘आत’ या अर्थाचा उपसर्ग असून त्याचा संख्येशी संबंध नाही. पदार्थाच्या नावातील ‘आइन’ मात्र निःसंशय ‘एक’ आहे. दोन्ही शब्द उच्चाराने सारखे असले तरी त्यांची कुळे भिन्न आहेत.

‘टोप्फ’ या पदालाही स्वतंत्र इतिहास आहे. जर्मन भाषक प्रदेशात भांड्याला पूर्वी एकच शब्द नव्हता. उत्तरेत व पश्चिमेत ‘पॉट’, दक्षिणेत ‘हाफेन’ आणि मध्य जर्मनीत ‘टोप्फ’ असे शब्द रूढ होते. कुंभाराला दक्षिणेत ‘हाफ्नर’ आणि मध्य जर्मनीत ‘ट्योप्फर’ म्हणत. आडनावांमधून हा प्रादेशिक भेद आजही ओळखता येतो. मार्टिन ल्यूथर यांच्या सोळाव्या शतकातील बायबल भाषांतराने ज्या मध्य जर्मन शब्दांना सर्वदूर प्रतिष्ठा मिळवून दिली त्यांत ‘टोप्फ’ हा एक होय. म्हणजे ‘आइनटोप्फ’मधील दोन्ही पदे जुनी आहेत, त्यांतील ‘टोप्फ’ हे प्रादेशिक शब्दांवर मात करून प्रमाण झालेले पद आहे. ती एकत्र येऊन पदार्थाचे नाव बनणे ही घटना मात्र अर्वाचीन आहे.

पदार्थ जुना, नाव नवे

मध्ययुगापासून अठराव्या शतकापर्यंत बहुसंख्य जर्मन घरांत उघड्या चुलीवर टांगलेली कढई किंवा विस्तवाशेजारी ठेवलेले मातीचे भांडे हेच स्वयंपाकाचे मुख्य साधन होते. धान्य, कडधान्य आणि भाजी त्यात एकत्र शिजत असे. सतराव्या-अठराव्या शतकांनंतर बटाट्याचा प्रसार झाला, तेव्हा तोही त्याच भांड्यात गेला. गरिबाच्या घरी दुसरे भांडे नव्हते आणि दुसरा विस्तव लावण्याइतके सरपणही नव्हते. सर्वांचेच अन्न एका भांड्यात शिजत असताना ‘एका भांड्याचे अन्न’ असे वेगळे नाव देण्याची गरज कोणालाही भासली नाही.

त्यामुळे जुनी नावे वेगळ्या तत्त्वांवर उभी आहेत. वाटाण्याच्या पदार्थाला ‘एर्ब्सेनझुप्पे’, म्हणजे वाटाण्याचे सूप, आणि मसुराच्या पदार्थाला ‘लिन्झेनझुप्पे’, म्हणजे मसुराचे सूप, ही नावे घटकांवरून आली. उत्तर जर्मनीत नासपती, घेवड्याच्या शेंगा आणि खारवलेले डुकराचे मांस एकत्र शिजवतात. त्याचे नाव म्हणजे या तीन घटकांची यादीच आहे. बव्हेरियातील ‘पिशेलश्टाइनर’, श्वाबेन प्रांतातील ‘गाइसबुर्गर मार्श’ आणि बंदरांच्या गावांतील खलाशांचे ‘लाब्सकाउस’ ही नावे स्थानिक आहेत. एका प्रांतातील नाव दुसऱ्या प्रांतातील माणसाला कळेलच असे नव्हते. १८४५ पासून लोकप्रिय झालेल्या हेन्रिएटे डाविडिस यांच्या पाकपुस्तकाच्या काळातही मध्यमवर्गीय गृहिणीसमोर अशा पदार्थांची वेगवेगळी नावे होती. सर्वांना सामावून घेणारे एक नाव नव्हते. ग्रिम बंधूंच्या शब्दकोशाचा ‘ई’ अक्षराचा खंड १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘आइनटोप्फ’ या पदार्थनामाच्या नोंदी मात्र विसाव्या शतकातच मिळू लागतात.

भांड्यावरून अन्नाला नाव देण्याची पद्धत युरोपात अपरिचित नव्हती. फ्रेंच ‘पोतोफ’ या नावाचा अर्थ ‘विस्तवावरील भांडे’ असा आहे. डच ‘हुट्सपॉट’ या नावातही भांडे आहे. १५७४ साली लायडन शहराला पडलेला स्पॅनिश वेढा उठला, त्या घटनेच्या स्मरणार्थ ३ ऑक्टोबरला तो पदार्थ तेथे आजही करतात. या नावांमध्ये भांडे आहे, पण भांड्यांची संख्या नाही. जर्मन शब्दाचे वेगळेपण त्यातील ‘एक’ या पदात आहे.

संख्येला महत्त्व केव्हा येते, हा येथे कळीचा प्रश्न आहे. एकोणिसाव्या शतकात बंद लोखंडी चुली शहरी घरांत आल्या. अशा चुलीवर एका वेळी अनेक भांडी ठेवता येत. सूप वेगळे, मांस वेगळे, भाजी वेगळी आणि बटाटे वेगळे, असा जेवणाचा क्रम मध्यमवर्गाच्या प्रतिष्ठेचा भाग झाला. त्यातही रविवारचे भाजलेले मांस, म्हणजे ‘झोन्टाग्सब्राटेन’, हे सुस्थितीचे चिन्ह ठरले. अनेक भांड्यांचा स्वयंपाक हा आदर्श झाल्यावरच एका भांड्याचा स्वयंपाक हा निराळा, उणा किंवा काटकसरीचा प्रकार म्हणून डोळ्यांत भरू लागला. नाव देण्याची गरज या तुलनेतून निर्माण झाली, असे म्हणता येईल.

सार्वजनिक भांडे : भिक्षागृह, लोकस्वयंपाकघर आणि सैन्य

घराबाहेरील मोठ्या भांड्याचा इतिहासही या शब्दाच्या पूर्वपीठिकेत येतो. म्युनिक येथे बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रमफर्ड, यांनी १७९० मध्ये निर्धनांसाठी कार्यगृह सुरू केले. तेथे जव, वाटाणे, बटाटे, शिर्का आणि पावाचे तुकडे यांपासून केलेले स्वस्त सूप देत असत. ‘रमफर्ड सूप’ या नावाने ते युरोपभर प्रसिद्ध झाले. कमीत कमी खर्चात जास्तीत जास्त माणसांचे पोट कसे भरेल, हा हिशोब त्यामागे होता.

१८६६ मध्ये प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्यातील युद्धाच्या वर्षी लीना मॉर्गेनश्टेर्न यांनी बर्लिनमध्ये लोकस्वयंपाकघरांची संस्था उभी केली. खर्चाइतक्या अल्प किमतीत गरम अन्न देणाऱ्या या उपक्रमामुळे लोक त्यांना ‘झुप्पेनलीना’, म्हणजे सूपवाली लीना, असे प्रेमाने म्हणत. मॉर्गेनश्टेर्न या ज्यू कुटुंबातील होत्या, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सैन्यातही एका भांड्याचे अन्न हाच नियम होता. वाटाण्याचे पीठ, चरबी व मसाला यांच्या मिश्रणाची वळकटी करून तयार केलेले ‘एर्ब्सवुर्स्ट’ १८६७ मध्ये बर्लिन येथे निघाले आणि १८७०-७१ च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धात सैनिकांना पुरवले गेले. पाण्यात उकळले की त्याचे सूप होत असे. त्याचे उत्पादन २०१८ च्या अखेरीस थांबले. पहिल्या महायुद्धात चाकांवरील फिरत्या स्वयंपाकघराला सैनिक थट्टेने ‘गुलाशकानोने’, म्हणजे गुलाशची तोफ, म्हणू लागले. त्याचे धुराडे तोफेच्या नळीसारखे दिसे. १९१६-१७ चा हिवाळा जर्मनीत ‘सलगमांचा हिवाळा’ म्हणून ओळखला जातो. नाकेबंदी आणि बटाट्याच्या पिकाची हानी यांमुळे एरवी जनावरांना घालायचे सलगम माणसांना खावे लागले. शहरोशहरी सार्वजनिक स्वयंपाकघरे उघडली गेली.

अशा रीतीने एका भांड्याच्या अन्नाशी दारिद्र्य, दानधर्म, बराक आणि टंचाई यांच्या आठवणी जोडल्या गेल्या होत्या. १९३३ पूर्वी ‘आइनटोप्फगेरिश्त’ हा शब्द काही प्रमाणात वापरात आला होता. त्यामुळे तो नाझींनी नव्याने घडवला असे म्हणणे अचूक ठरणार नाही. त्यांनी मर्यादित वापरातील एक व्यावहारिक शब्द उचलला आणि त्याला सर्व देशाचा शब्द बनवले.

१९३३ : एका रविवारची राजाज्ञा

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीने जर्मनीत बेकारीचा कळस गाठला. १९३२ च्या आरंभी नोंदलेल्या बेकारांची संख्या सुमारे ६० लाख होती. ब्रूनिंग सरकारच्या काळात, १९३१ मध्ये, स्वयंसेवी संस्थांच्या सहकार्याने हिवाळी मदतीचा उपक्रम सुरू झाला होता. जानेवारी १९३३ मध्ये सत्तेवर आलेल्या हिटलरने हा उपक्रम आपल्या पक्षयंत्रणेकडे घेतला. १३ सप्टेंबर १९३३ रोजी हिटलर आणि प्रचारमंत्री गोबेल्स यांच्या उपस्थितीत ‘विंटरहिल्फ्सवेर्क’, म्हणजे हिवाळी साहाय्य कार्य, या मोहिमेची घोषणा झाली. भूक आणि थंडी यांविरुद्धचा लढा असे तिचे वर्णन करण्यात आले. तिची व्यवस्था एरिश हिल्गेनफेल्ड यांच्या नेतृत्वाखालील नाझी लोककल्याण संघटनेकडे होती.

या मोहिमेचा भाग म्हणून १ ऑक्टोबर १९३३ रोजी पहिला ‘आइनटोप्फझोन्टाग’, म्हणजे एका भांड्याचा रविवार, पाळण्यात आला. ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत दरमहा एका रविवारी प्रत्येक कुटुंबाने नेहमीच्या रविवारच्या जेवणाऐवजी माणशी ५० फेनिगपेक्षा अधिक खर्च न करता आइनटोप्फ शिजवावा आणि वाचलेली रक्कम हिवाळी मदतीसाठी द्यावी, अशी ही योजना होती. पैसे गोळा करण्यासाठी कार्यकर्ते घरोघरी फिरत. उपाहारगृहांनाही त्या दिवशी ठरावीक किमतींना आइनटोप्फ प्रकारातील पदार्थ ठेवणे भाग होते. शहरांच्या चौकांत लष्करी स्वयंपाकगाड्या लावून सामुदायिक भोजने होत. हिटलर व त्याचे मंत्री आइनटोप्फ खात असल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होत.

भाषेच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा बदल दिसतो. ‘झोन्टाग्सब्राटेन’ या जुन्या शब्दात ‘झोन्टाग’, म्हणजे रविवार, हे पूर्वपद असून भाजलेले मांस प्रधान आहे. रविवार हा तेथे अन्नाचे वर्णन करतो. ‘आइनटोप्फझोन्टाग’ या नव्या शब्दात अन्न पूर्वपदी गेले आणि रविवार प्रधान झाला. कोणता पदार्थ खायचा, यावरून दिवस ओळखला जाऊ लागला. कुटुंबाच्या खाजगी सुट्टीचा दिवस राज्याच्या पंचांगात घालण्याचे काम या एका समासाने केले.

शब्दाची निवडही सहेतुक म्हणावी लागते. पिशेलश्टाइनर म्हटले की बव्हेरिया आठवतो. लाब्सकाउस म्हटले की उत्तरेचा किनारा. राष्ट्रव्यापी मोहिमेला कोणत्याही प्रांताचे नसलेले नाव हवे होते. ‘आइनटोप्फ’ हा शब्द केवळ भांड्यांची संख्या सांगतो, म्हणून तो सर्व प्रांतांना लागू पडला. दारिद्र्याचा उल्लेख त्यात नाही, म्हणून तो श्रीमंतांनाही चालला. आणि त्यातील ‘एक’ हे पद ‘फोल्क्सगेमाइनशाफ्ट’, म्हणजे वर्गभेदरहित एकसंध लोकसमाज, या नाझी कल्पनेशी सहज जुळले. कारखानदार आणि कामगार एकाच दिवशी एकाच प्रकारचे अन्न खातात, हे दृश्य मजुरी, मालकी वा संपत्ती यांत कोणताही फरक न करता समतेचा आभास निर्माण करू शकत होते. १९३३ मध्येच एर्ना होर्न या पाककृतिलेखिकेचे आइनटोप्फवरील पुस्तक निघाले आणि त्याच्या शीर्षकात या पदार्थाला ‘जर्मन काटकसरीचा पदार्थ’ म्हटले होते. टंचाईतून आलेल्या सवयीला ‘जर्मन’ हे विशेषण लागले, की ती परंपरा होते.

यामागे आर्थिक हेतूही होता. मांस व चरबी यांच्या बाबतीत जर्मनी परावलंबी होता आणि शस्त्रसज्जतेसाठी परकीय चलन राखून ठेवणे राजवटीला आवश्यक वाटत होते. १९३६ च्या चतुर्वार्षिक योजनेने स्वयंपूर्णतेचे धोरण अधिक कडक केले. घरातील स्वयंपाक हा तेव्हापासून उघडपणे युद्धतयारीचा विषय झाला.

ऐच्छिक दान आणि सक्ती

हिवाळी मदतीचे दान कागदोपत्री ऐच्छिक होते. अधिकृत आकड्यांनुसार १९३३-३४ च्या पहिल्याच हंगामात सर्व मार्गांनी मिळून सुमारे ३५.८ कोटी राइशमार्क जमा झाले. परंतु वर्गणी देणाऱ्या कुटुंबाला दारावर लावण्यासाठी महिन्याची चकती मिळत असे. चकती नसलेले दार शेजाऱ्यांच्या आणि पक्षाच्या विभागप्रमुखाच्या नजरेतून सुटत नसे. एकाच रविवारी वर्गणीदार दारात उभा राहणार हे माहीत असल्याने कोण देतो, किती देतो, कुरकुरत देतो की आनंदाने, हे सर्व कळण्याची ती सोय होती. परदेशात आश्रय घेतलेल्या समाजवादी लोकशाही पक्षाच्या गुप्त वृत्तांतांत या सततच्या वर्गण्यांविषयी लोकांत असलेल्या नाराजीच्या नोंदी आहेत. राजनिष्ठेची परीक्षा घेण्यासाठी चुलीवरील भांड्याइतके सोयीचे ठिकाण दुसरे नव्हते.

या ‘एका भांड्या’ची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नाझी लोककल्याण ही गरजेवर आधारलेली व्यवस्था नव्हती. कोण वंशदृष्ट्या योग्य आणि कोण अयोग्य, यावर ती आधारलेली होती. सप्टेंबर १९३५ मध्ये न्यूरेम्बर्ग कायदे झाले आणि १९३५-३६ च्या हिवाळ्यापासून ज्यू नागरिकांना सर्वसाधारण हिवाळी मदतीतून वगळण्यात आले. त्यांच्यासाठी वेगळी ‘ज्यू हिवाळी मदत’ स्थापन करावी लागली. आपल्या निर्धनांचा भार समाजाने स्वतःच उचलावा असा त्याचा अर्थ होता. अवघ्या सत्तर वर्षांपूर्वी ज्या बर्लिनमध्ये लीना मॉर्गेनश्टेर्न यांनी धर्म न विचारता गरम अन्न वाढण्याची व्यवस्था केली होती, त्याच शहरात आता भांडेसुद्धा वेगळे झाले. ‘आइन’ या पदाचा अर्थ ‘सर्वांसाठी एक’ असा नव्हता. ‘आपल्यांपुरते एक’ असा होता. समासाचा विग्रह करताना व्याकरण जे सांगू शकत नाही ते इतिहास येथे सांगतो.

ड्रेस्डेन येथील भाषाभ्यासक व्हिक्टर क्लेम्पेरर यांना ज्यू वंशाचे म्हणून १९३५ मध्ये प्राध्यापकपद गमवावे लागले. त्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एल. टी. आय.’ या ग्रंथात नाझी राजवटीच्या भाषेचा अभ्यास केला आहे. लांब भाषणांपेक्षा रोज कानावर पडणारे सुटे शब्द आणि ठरावीक वाक्प्रयोग माणसाच्या विचारात अधिक खोल शिरतात, असे त्यांचे मुख्य प्रतिपादन आहे. ‘आइनटोप्फ’ या शब्दाचा प्रवास या प्रतिपादनाला पुष्टी देतो. या शब्दात द्वेष नाही, धमकी नाही. त्यात फक्त भांडे आहे. म्हणूनच तो कोणालाही खटकला नाही.

१९४५ नंतर

युद्धकाळात त्यागाच्या भाषेला अधिक जोर आला आणि ‘आइनटोप्फझोन्टाग’च्या जागी ‘ओप्फरझोन्टाग’, म्हणजे त्यागाचा रविवार, हे नाव वापरात आले. शिधापत्रिका सुरू झाल्यावर एका भांड्याचे जेवण हा आदर्श राहिला नाही. ती रोजची अपरिहार्यता झाली. १९४५ मध्ये राजवट कोसळली. नाझी संघटना बरखास्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर ‘आइनटोप्फझोन्टाग’ हा शब्दही व्यवहारातून गेला. आज तो इतिहासाच्या पुस्तकांतच आढळतो.

‘आइनटोप्फ’ मात्र टिकला. याची दोन कारणे संभवतात. पहिले असे की, पक्ष व पदे यांची नावे ज्या संस्थांना चिकटलेली होती त्या संस्थाच नष्ट झाल्या. आइनटोप्फ ज्या वस्तूला चिकटलेला होता ती वस्तू उरली होती, आणि युद्धोत्तर टंचाईत तिची गरज पूर्वीपेक्षा अधिक होती. दुसरे असे की, या शब्दाने भाषेतील एक खरी उणीव भरून काढली होती. अनेक प्रादेशिक पदार्थांना सामावणारे सामान्यनाम पूर्वी नव्हते. ते आता मिळाले होते. पूर्व आणि पश्चिम या दोन्ही जर्मन राज्यांत कारखान्यांच्या भोजनगृहांपासून डबाबंद अन्नापर्यंत तो शब्द चालू राहिला. शेजारच्या चेक भाषेनेही तो उसना घेतला. पुढील पिढ्यांनी तो आजीच्या स्वयंपाकघराशी जोडला. ज्या शब्दाचा प्रसार सरकारी मोहिमेतून झाला, तो दोन पिढ्यांत घरगुती जिव्हाळ्याचा शब्द झाला.

निष्कर्ष

१) ‘आइनटोप्फ’ हा शब्द ‘आइनटोप्फगेरिश्त’ या समासातील प्रधान पदाच्या लोपाने सिद्ध झाला. या लोपामुळे त्याचे लिंग बदलले आणि अर्थ अन्यपदप्रधान झाला.

२) घटकपदांचे वय, पदार्थाचे वय आणि नावाचे वय या तीन भिन्न गोष्टी आहेत. ‘आइन’ व ‘टोप्फ’ ही पदे प्राचीन, पदार्थ मध्ययुगीन वा त्याहून जुना आणि नाव विसाव्या शतकातील आहे. घटकपदे जुनी आहेत म्हणून शब्द जुना मानणे ही व्युत्पत्तिविचारातील नेहमीची चूक होय.

३) एका भांड्याच्या स्वयंपाकाला वेगळे नाव मिळाले ते अनेक भांड्यांचा स्वयंपाक आदर्श ठरल्यानंतर. सार्वत्रिक असलेल्या गोष्टीला नाव लागत नाही. ती अपवाद ठरू लागली की नाव लागते.

४) नाझी राजवटीने हा शब्द निर्माण केला नाही, परंतु त्याचा देशव्यापी प्रसार केला. प्रादेशिक खूण नसणे आणि ‘एक’ हे पद असणे, या दोन गुणांमुळे तो प्रचाराला उपयुक्त ठरला.

५) शब्दातील एकत्व हे वगळणुकीवर आधारलेले होते. १९३५ नंतर ज्यू नागरिकांना या मदतीच्या बाहेर काढल्याने त्याचा खरा अर्थ उघड झाला.

समारोप

आज जर्मन घरात ‘आइनटोप्फ’ म्हणणाऱ्या व्यक्तीला या इतिहासाचे ओझे वाहण्याचे कारण नाही. शब्द आपल्या पूर्वीच्या वापरातून मुक्त होऊ शकतात, आणि हा शब्द बहुतांशी तसा झालेला आहे. मात्र तो मुक्त झाला आहे आणि त्याला असा इतिहासच नव्हता, या दोन विधानांत मोठा फरक आहे. एखादा पदार्थ ‘आपल्या परंपरेतला’ म्हणून सांगितला जातो तेव्हा तो किती जुना आहे, याबरोबरच त्याला हे नाव कोणी दिले, ते नाव कोणत्या वर्षी घरोघरी पोहोचले आणि ते पोहोचवणाऱ्याने पंगतीतून कोणाला उठवले, हेही अभ्यासकाने विचारले पाहिजे. अन्नाच्या नावाचा इतिहास हा या अर्थाने समाजाच्या इतिहासाचाच एक भाग आहे.